परिपूर्णतेचा हट्ट आणि खेळाडूचे मन

दहा मीटर एअर रायफल या नेमबाजीच्या प्रकारात लक्ष्याच्या मध्यभागी असलेल्या दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. पात्रता फेरीत साठ वेळा नेम साधावयाचा असतो. पूर्वी प्रत्येक नेमाला जास्तीत जास्त दहा असे एकूण सहाशे गुण असत. 2013 पासून गुण दशांशात मोजले जाऊ लागले आणि एका नेमाची कमाल मर्यादा 10.9 वर व एकूण गुणसंख्या 654 वर गेली. ज्या नेमाला ‘पुरे दहा’ म्हणून समाधान मानता येत असे, त्यातही आता किती दशांश उणे राहिले हे यंत्र तत्काळ दाखविते. परिपूर्णतेचा ध्यास ही ज्या खेळाची पूर्वअटच आहे, त्या खेळातील माणसाला परिपूर्णतेचा हट्ट सोडावयास सांगणारा मानसशास्त्रज्ञ प्रथमदर्शनी विसंगत बोलतो आहे असे वाटल्यास नवल नाही. तरीही गेल्या काही वर्षांत जगातील कित्येक अग्रगण्य खेळाडू नेमके हेच ऐकण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागले आहेत. हे खूळ आहे, नाजूकपणा आहे, की खेळाच्या तयारीचे एक आवश्यक अंग आहे, याचा विचार आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने झालेला नाही.

या विषयावर अधिकाराने बोलू शकणाऱ्या भारतीयांत अभिनव बिंद्रा यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी पात्रता फेरीत सहाशेपैकी 597 गुण मिळविले; अंतिम फेरीत मात्र ते सातव्या क्रमांकावर घसरले. आपण उभे होतो त्या जागेची फरशीच सैल होती, हे त्यांना मागाहून कळले. पुढील चार वर्षे त्यांनी कशी घालविली याचे वर्णन 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रात आहे, आणि त्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच झपाटलेपणाचा उल्लेख आहे तो उगाच नव्हे. बुटांच्या तळव्यापासून सरावाच्या जागेतील प्रकाशापर्यंत एकही गोष्ट दैवावर सोडावयाची नाही, असा तो खाक्या होता. टिम हार्कनेस या दक्षिण आफ्रिकी मानसशास्त्रज्ञाची मदत होतीच. शिवाय भीतीवर ताबा मिळविण्यासाठी जर्मनीत एका उंच खांबावर चढण्याचा प्रयोगही झाला. इतके सारे करून 11 ऑगस्ट 2008 रोजी बीजिंगमध्ये अंतिम फेरीपूर्वीच्या सरावात नेम भलतीकडेच गेला, तेव्हा रायफलीची दृष्टिरेषाच बिघडली असल्याचे ध्यानात आले. हाताशी असलेल्या मोजक्या मिनिटांत ती सावरून त्यांनी अखेरचा नेम 10.8 गुणांचा साधला, आणि भारताला वैयक्तिक प्रकारातील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले.

हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यानंतरचा भाग तितकासा ठाऊक नाही. ज्या एका ध्येयासाठी इतकी वर्षे जगलो ते हाती आल्यावर पुढे काय, या प्रश्नाने बिंद्रा यांना घेरले. आयुष्यातील सर्वांत मोठा मानसिक पेच पराभवानंतर नव्हे, तर विजयानंतर उभा राहिला, असे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. सुवर्णपदक मिळालेल्या माणसाला दुःख कसले, असे सामान्य माणसास वाटेल. परंतु परिपूर्णतेच्या हट्टाचे स्वरूप समजून घेतले, तर यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

ध्यास कोठे संपतो?

उत्तम कामगिरीची आकांक्षा आणि परिपूर्णतेचा हट्ट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मानसशास्त्रज्ञ बऱ्याच काळापासून सांगत आले आहेत. पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील संशोधकांनी 1991 साली या हट्टाचे तीन प्रकार दाखविले: स्वतःकडून परिपूर्णतेची मागणी करणे, इतरांकडून ती करणे, आणि इतर लोक आपल्याकडून तिची अपेक्षा करीत आहेत असे सतत वाटत राहणे. यांतील तिसरा प्रकार सर्वांत जाचक; कारण त्यात मागणी करणाराही बाहेरचा आणि ती पुरी झाली की नाही हे ठरविणाराही बाहेरचाच असतो. पुढे 2002 साली रोझ शाफ्रान, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उपचारांच्या दृष्टीने या अवस्थेची जी मांडणी केली ती अधिक उपयुक्त आहे. त्यांच्या मते दोष उच्च मानदंडात नसतो. माणूस आपली स्वतःची किंमत जवळजवळ सर्वस्वी त्या मानदंडावर टांगून ठेवतो, यात असतो. मानदंड गाठता आला नाही, तर ‘मी नालायक आहे’ असा निष्कर्ष निघतो. गाठता आला, तर तो मुळातच सोपा होता असे ठरवून पुढच्या खेपेस अधिक उंच केला जातो. दोन्हीकडून हिशेब तोट्यातच मिटतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा व्यवहार ओळखीचा वाटेल. घटत्या सीमांत फलाचा सिद्धांत शेताला लागू पडतो तसाच शरीरालाही लागू पडतो. सरावाच्या पहिल्या तासाने जे साधते ते सहाव्या तासाने साधत नाही, आणि आठव्या तासाने तर खांदा किंवा गुडघा जायबंदी होऊन उत्पादन उणे होऊ लागते. शहाणा शेतकरी त्या बिंदूपाशी थांबतो. हट्टाने पछाडलेला खेळाडू थांबू शकत नाही. कारण त्याच्या लेखी आठवा तास हा सराव नसून अपराधी भावनेचा हप्ता असतो. 1978 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले होते, की माणसाची माहिती, वेळ आणि बुद्धी मर्यादित असल्यामुळे सर्वोत्तमाचा अखंड शोध घेण्यापेक्षा पुरेसा चांगला पर्याय स्वीकारून पुढे जाणे हेच व्यवहारात शहाणपणाचे ठरते. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ‘पुरेसे चांगले’ चालत नाही, हे खरे. पण त्या एका दिवसाआधी जे हजार दिवस असतात त्यांना सायमन यांचे म्हणणे अक्षरशः लागू पडते.

आता उपचार म्हणजे नेमके काय करतात, ते पाहणे इष्ट होईल. कारण याविषयी विलक्षण गैरसमज आहेत. ‘मन घट्ट कर’, ‘वाईट विचार डोक्यात आणू नकोस’ हा उपदेश म्हणजे उपचार नव्हे. औषध घेताना माकडाची आठवण काढू नकोस, असे सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1987 साली पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळावयास सांगून जो प्रयोग केला, त्यातून त्या गोष्टीतील तथ्य प्रयोगशाळेतही सिद्ध झाले. चूक होऊ नये असा जप करीत नेम धरणाऱ्याच्या मनात चुकीशिवाय दुसरे काय असणार?

उपचारपद्धतींचे मूळ अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक या दोघांच्या कार्यात आहे. एलिस यांनी 1950 नंतरच्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकास अपरिचित नाही. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून या विचाराचा अभ्यास केला आणि तो महाराष्ट्रात रुजविला. तिचा गाभा मराठीत तर एका अक्षरात सांगता येतो. ‘मला उत्तम खेळावयाचे आहे’ ही इच्छा झाली. ‘मी उत्तम खेळलेच पाहिजे, नाही तर माझ्या जगण्याला अर्थ नाही’ हा दुराग्रह झाला. सारा घोळ त्या ‘च’कारात आहे. उपचारतज्ज्ञ इच्छेला हात लावीत नाही. तो ‘च’काराची उलटतपासणी घेतो. असा नियम कोठे लिहिला आहे? तो पाळला गेला नाही तेव्हा प्रत्यक्षात काय झाले? एक सामना हरलेला खेळाडू आणि एक नालायक माणूस, या दोहोंत काही अंतर आहे की नाही?

केवळ बोलण्याने भागत नाही, म्हणून छोटे प्रयोग करावयास लावले जातात. समजा, एखादी लांब पल्ल्याची धावपटू दुखऱ्या पोटरीनेही रविवारची विश्रांती घेत नाही. ‘एक दिवस चुकला तर सोमवारी वेळ खालावेल’ अशी तिची पक्की समजूत आहे. तज्ज्ञ तिला हे भाकीत कागदावर लिहावयास सांगतो, चार रविवार विश्रांती घ्यावयास लावतो आणि चार सोमवारांच्या वेळा त्याच कागदावर नोंदवावयास सांगतो. वाद तज्ज्ञाशी राहत नाही. तो घड्याळाशी होतो. दुसरी एक नवी पद्धत विचारांशी वादही घालीत नाही. ‘मी चुकणार’ हा विचार आला तर त्याला येऊ द्यावे, तो एक विचार आहे एवढे ओळखावे आणि लक्ष पुन्हा हाताखालच्या कामाकडे वळवावे, असे ती शिकविते. नाशिकचे भीष्मराज बाम हे निवृत्त पोलीस अधिकारी. अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजांना आणि इतर अनेक खेळाडूंना त्यांनी योगाच्या परिभाषेत एकाग्रतेचे जे शिक्षण दिले, त्याच्याशी या पद्धतीचे नाते जुळते. 2017 साली त्यांचे निधन झाले; त्यांचे काम महाराष्ट्राने पुरेसे जोखलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागेल.

या उपचारांची फलश्रुती कितपत सिद्ध झाली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सर्वसामान्य रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत परिपूर्णतेचा हट्ट आणि त्याबरोबरची चिंता व खिन्नता कमी होते, असे वारंवार दिसून आले आहे. खेळाडूंवरील अभ्यास मात्र थोडे आहेत आणि त्यांतील नमुनेही लहान आहेत. तेव्हा मानसोपचारांमुळे पदकांची संख्या अमुक इतकी वाढेल, असे आश्वासन जो कोणी देईल त्याच्यापासून सावध राहणेच बरे. दुर्दैवाने अशी आश्वासने देणाऱ्यांची नवी बाजारपेठ उभी राहू लागली आहे.

धार बोथट होईल?

उलट दिशेचा आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. अनेक प्रशिक्षकांना मनापासून असे वाटते, की खेळाडूला स्वतःशी दयेने वागावयास शिकविले तर त्याची धार बोथट होईल. जो कधीच समाधानी नसतो तोच जिंकतो. या युक्तिवादातील उणीव संख्याशास्त्र जाणणाऱ्याच्या सहज लक्षात येईल. विजेत्यांच्या मुलाखती घेतल्या तर त्यांतले बरेच जण झपाटलेले आढळतील, हे खरे. पण तितकेच झपाटलेले असून सोळाव्या-सतराव्या वर्षी दुखापतीने, निद्रानाशाने किंवा उबगाने खेळ सोडून गेलेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही. केवळ जगलेल्यांची गणती करून साथीची तीव्रता ठरवावी, तसा हा प्रकार आहे.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. 1976 साली माँट्रियल येथे चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले तेव्हा गुणफलकावर तो आकडा दाखविण्याची सोयच नव्हती आणि तेथे 1.00 झळकले, परिपूर्णता हा त्या खेळाचा जणू शिक्काच होऊन बसला. 2006 मध्ये गुणपद्धती बदलून दहाची कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. खेळ अधिकाधिक अवघड कसरतींकडे वळला, पण उणेपणा शोधणारी नजर तीच राहिली. 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बाइल्सने व्हॉल्टवर अडीच गिरक्यांऐवजी दीडच गिरकी घेतली. हवेत असताना आपण कोठे आहोत याचे भान सुटल्याचे ओळखून तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. त्या स्थितीत मानेवर पडण्याचा धोका होता, हे ध्यानात न घेता तिला भित्री ठरविणारेही निघाले. पुढे तिने काही काळ खेळ थांबविला, नियमित उपचार घेतले आणि त्याविषयी आडपडदा ठेवला नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरीच्या दिवसाची सुरुवात आपण उपचारतज्ज्ञाशी बोलून केली, असे तिनेच सांगितले. त्या दिवशी अमेरिकन संघाला सुवर्णपदक मिळाले. तिने त्या स्पर्धेत एकूण तीन सुवर्ण व एक रौप्य मिळविले. एका उदाहरणावरून सिद्धांत उभा राहत नाही, पण धार बोथट होते हा सिद्धांत मोडावयास एक उदाहरण पुरते.

तरीही बाइल्सच्या सुवर्णपदकांवरून मानसोपचारांचे समर्थन करणे ही या विषयाची अर्धीच बाजू होय. ती पॅरिसला गेली नसती, तर तिच्यावरील उपचार वाया गेले असे म्हणावयाचे काय? खेळाडूचे मन हे पदकाच्या कारखान्यातील एक यंत्र आणि उपचार म्हणजे त्याचे वंगण, ही दृष्टी स्वीकारली की त्या माणसाची किंमत त्याच्या गुणफलकाइतकीच, हे मूळचेच दुखणे आपण पुन्हा त्याच्या गळ्यात बांधतो.

खरा पेच आहे तो येथेच, आणि त्याचा संबंध उपचारांच्या तंत्रापेक्षा व्यवस्थेशी अधिक आहे. संघाबरोबर जाणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे वेतन कोण देते? संघटना किंवा शासन. त्याच संघटनेची निवड समिती खेळाडू संघात राहणार की नाही, हे ठरविते. ‘मला रात्री झोप येत नाही, नेम धरताना हात थरथरतो’ हे ज्याच्यापाशी सांगावयाचे, तोच माणूस संध्याकाळी व्यवस्थापकाबरोबर जेवावयास बसणार असेल, तर कोणता खेळाडू तोंड उघडील? परिपूर्णतेचा हट्ट असलेला तर नाहीच नाही. कारण आपली उणीव लपविणे हाच त्याच्या दुखण्याचा मुख्य भाग. तो हसतमुखाने ‘सारे ठीक आहे’ असे सांगेल, अहवालात ‘मानसिक तयारी उत्तम’ अशी नोंद होईल आणि स्पर्धेच्या दिवशी जे व्हावयाचे ते होईल.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 23 ने उपचार घेणाऱ्यास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. परंतु शिबिरांतून जे चालते ते ‘मनोबलवर्धन’, ‘समुपदेशन’, ‘मार्गदर्शन’ अशा नानाविध नावांनी चालते, आणि उपचार कोठे सुरू झाला व मार्गदर्शन कोठे संपले याची रेषा तेथे कोणी आखत नाही. म्हणून ही अट नेमणुकीच्या करारातच स्पष्टपणे लिहिली गेली पाहिजे: खेळाडूने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीविना प्रशिक्षक, व्यवस्थापक वा निवड समितीकडे जाणार नाही, जिवाला धोका असेल तर तेवढाच अपवाद. ज्याने पैसे द्यावयाचे त्याला माहिती मागण्याचा अधिकार नाही, हे तत्त्व आपल्या संघटनांच्या पचनी पडणे कठीण आहे. पण त्याविना कितीही तज्ज्ञ नेमले, तरी तो खर्च देखाव्यापुरताच ठरेल.

हट्ट येतो कोठून?

खेळाडू हा हट्ट मैदानावर शिकतो असे नव्हे. पुष्कळदा तो घरून आणि शाळेतूनच घेऊन येतो. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल या संशोधकांनी अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील एक्केचाळीस हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातील माहिती एकत्र करून पाहिली. तीनही प्रकारचा हट्ट वाढलेला आढळला. पण ‘लोक माझ्याकडून परिपूर्णता मागतात’ ही भावना सर्वांत जास्त, 33 टक्क्यांनी वाढली होती. हे आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. तथापि 2025 च्या दहावीच्या परीक्षेत महाराष्ट्रात 211 विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले, हे विसरता येत नाही. या टक्केवारीत कला-क्रीडेच्या सवलतीचे गुणही धरले जातात. म्हणजे जो खेळ हरण्याची सवय लावण्यासाठी असावा, तोही शंभराची बेरीज पुरी करण्याच्या कामी लागला. शिक्षकांनी आणि पालकांनी याचा दोष एकट्या मंडळावर टाकू नये. पंच्याण्णव टक्के मिळालेल्या मुलाला उरलेले पाच कोठे गेले, असे विचारणारा आवाज बहुतेक घरांतून येतो.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट रोजी स्वप्निल कुसळे याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. 1952 साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी मिळविलेल्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा हा मुलगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. त्याच्या आदल्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत अखेरच्या टप्प्यातील एका फसलेल्या नेमाने तो चौथ्या क्रमांकावर घसरला होता. चौथा क्रमांक पचवून वर्षभराने पुन्हा त्याच जागी उभे राहणे सर्वांनाच साधेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रबोधिनीत ज्या वयाची मुले घरदार सोडून राहावयास येतात त्या वयात तर नाहीच नाही. जागा टिकेल की जाईल, गावाकडे कोणत्या तोंडाने परतावयाचे, हा हिशेब ती रोज मनाशी मांडत असतात.

वरच्या फळीतील खेळाडूंना आता मानसशास्त्रज्ञांची मदत मिळू लागली आहे, ही समाधानाची बाब आहे. परंतु हट्ट मुरतो तो बाराव्या-तेराव्या वर्षी, आणि तज्ज्ञ भेटतो तो पंचविसाव्या वर्षी ऑलिंपिकच्या तोंडावर. खर्चाचा क्रम येथे उलटा लागला आहे. प्रबोधिनीतील मुलांच्या दिनक्रमात धावण्याची, व्यायामाची, आहाराची आणि शाळेची वेळ ठरलेली असते. ज्याचा अहवाल कोणत्याही निवड समितीकडे जाणार नाही, असा आठवड्यातील एक तास त्यात बसविण्यासाठी नवे क्रीडासंकुल बांधावे लागत नाही.